डाळिंबाची मागची बाजू

दुकानाच्या खिडकीत मांडलेल्या वस्तूला पाठ नसते. म्हणजे असते, पण तिच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून तिच्यावर कोणी मेहनतही घेत नाही. काचेसमोरून जाणाऱ्या माणसाला सोन्याचा हत्ती दिसतो. त्याच हत्तीच्या मागे जाऊन बघा, प्लायवूडच्या पट्ट्या, वायरींचा गुंता आणि पेन्सिलने खरडलेली मापं, एवढाच ऐवज. मिस्त्रीचा सगळा धंदा या एका नियमावर उभा होता. महागड्या दुकानांच्या तीसेक खिडक्या त्याने सजवल्या होत्या आणि आजवर कोणी नावं ठेवली नव्हती.

बायकोलाही तो याच नियमाने मारायचा.

तोंडावर नाही, हातांवर नाही. तोंड गिऱ्हाइकांना दिसायचं आणि हात कामाचे होते. ती सोन्याचा वर्ख लावायची. श्वास लागला तरी फाटेल असला तो वर्ख ती मऊ कुंचल्याने उचलून अशी बसवायची की जोड कुठे आहे ते तिलाही पुन्हा सापडू नये. धंद्यातले लोक तिला वर्खवालीच म्हणत. असले हात मोडायला मिस्त्री काही खुळा नव्हता. तो मारायचा पाठीत, कमरेत, मांडीवर, जिथे कपडा असतो तिथे. बारा वर्षं हे चाललं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तिच्या बाबतीत तोंड खरोखरच दाबलेलं असायचं, कारण मिस्त्रीला आवाज खपत नसे.

एकदा ती भावाकडे निघून गेली. दादाने तिला बसवलं, पाणी दिलं, चेहरा नीट न्याहाळला आणि म्हणाला, "दिसत तर काही नाही गं." चौथ्या दिवशी त्यानेच तिला परत आणून सोडलं. दारात मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एका हाताने टाळी वाजत नाही, दोघांनी जरा सांभाळून घ्या." ही म्हण कोणी काढली देव जाणे, पण ज्याच्या पाठीत बुक्की बसते त्याला विचारा, एका हाताने किती छान वाजतं ते.

मग एकदा ती पोलीस ठाण्यात गेली. तिथला अधिकारी माणूस वाईट नव्हता. बाई शिपायाने आत नेऊन तिची पाठ पाहिली आणि बाहेर येऊन वळ आहेत म्हणून मान डोलावली. तेवढ्यात मिस्त्री हजर. "साहेब, आमचं काम मोठमोठे देखावे बनवायचं. परवा लाकडी घोड्याचा पाय निखळून पडला हिच्या पाठीवर. या कारखान्यात, दाखवतो." आणि कारखान्यात खरोखरच तीन पायांचा घोडा उभा होता. चौथा पाय मिस्त्रीने ठाण्यात यायच्या आधी स्वतः तोडला होता, हे घोडा थोडाच सांगणार!

अधिकारी तिला म्हणाला, "बाई, असल्या कामात लागायचंच. कोणी पाहिलंय का मारताना?"

कोणी पाहिलं नव्हतं. कारखान्यात दोघंच असत. सासूबाई वरच्या मजल्यावर असत आणि त्यांना सगळं ऐकू येई, पण विचारलं की त्यांचे कान जात.

"एक माणूस आणा पाहिलेलं," अधिकारी म्हणाला. "फक्त एक. मग मी याच्याकडे बघतो."

त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं. घर नको, कारखाना नको, मिस्त्रीला शिक्षासुद्धा नंतरची गोष्ट. पाहिलेलं एक माणूस तिला हवं होतं.

अशात दागिन्यांच्या एका नव्या दुकानाचं काम आलं. खिडकीत काय ठेवायचं ते वर्खवालीने सुचवलं होतं. तळहाताएवढं मातीचं डाळिंब करून तिने ते मधोमध फोडलं आणि दाण्यांवर पोतीची माळ टाकून दाखवली. दुकानाच्या मॅनेजरबाईंना ते जागच्या जागी आवडलं. मग दोन महिने कारखान्यात डाळिंबाशिवाय विषय नव्हता. सात फूट उंच. थर्मोकोलचे ठोकळे चिकटवून मिस्त्रीने गरम तारेने आकार कापला, वर फायबरचे थर चढवले. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायचं काम तिचं. सहा दिवस घासलं, तेव्हा कुठे फळाची साल हाताला खरखरीत लागायची बंद झाली. त्यावर तांबडा रंग, त्यावर गोंद, त्यावर वर्ख. फोडलेल्या भागात बसवायला लाल रेझिनचे एकशेचाळीस दाणे तिने एकेक करून ओतले. प्रत्येकात एक बारीक आकडा, दागिना अडकवायला. हे सगळं पुढून. मागे नेहमीप्रमाणे प्लायवूडचा सांगाडा, दिव्यांच्या वायरी, आणि आरपार निघालेली स्क्रूंची टोकं. ती घासून बोथट करायची असतात. मिस्त्री करत नसे.

घोळ वेगळाच होता. नकाशाच्या दुसऱ्या पानावर कोपऱ्यात लिहिलं होतं की या खिडकीला मागे भिंत नाही. रस्त्यावरून जशी दिसेल तशीच ती दुकानाच्या आतूनही दिसेल. तिने ते वाचलं आणि मिस्त्रीला सांगितलं. तो "हं" म्हणाला. आठवड्याने पुन्हा सांगितलं.

"तीस खिडक्या लावल्यात मी," तो म्हणाला. "एकीला तरी मागून कोणी बघितलं? मला शहाणपण शिकवू नकोस." आणि हातातल्या पेचकसाची मूठ त्याने तिच्या बरगडीत अशी खुपसली की ती दोन दिवस वाकून घासत होती.

तिसऱ्यांदा ती बोलली नाही. पण वर्खाची पानं ज्यात येतात त्या दहा जादा वह्या तिने आपल्या पिशवीत गुपचूप टाकल्या. काम अर्धवट राहिलं तर लाज मिस्त्रीला नसे, तिला असे.

लावायच्या दिवशी सकाळी सातलाच दोघं दुकानात पोहोचली. काचेला आतून खाकी कागद चिकटवला होता, म्हणजे काम पुरं होईपर्यंत रस्त्यावरच्या लोकांना काही दिसू नये. दुकानाच्या बाजूने जमिनीपासून छतापर्यंत एक पांढरं कापड ताणलं होतं, धूळ आत जाऊ नये म्हणून. पुढे कागद, मागे कापड, मध्ये सहा फुटांची जागा आणि त्यात ते डाळिंब. मिस्त्रीने काचेच्या कडेला चार झगझगीत दिवे लावले आणि त्यांचा झोत डाळिंबावर धरला. कापडाकडे त्याने भिंतीकडे बघावं तसं बघितलं, म्हणजे बघितलंच नाही.

सव्वानऊला मॅनेजरबाईंनी कापडाचा कोपरा उचलून आत डोकं घातलं. सांगाडा पाहिला, वायरी पाहिल्या.

"हे असंच राहणार?"

"मॅडम, मागून कोण बघतंय," मिस्त्री हसून म्हणाला.

"मी बघतेय. दुकानात येणारा प्रत्येक जण बघेल. नकाशात लिहिलं होतं. वाचता येतं ना तुम्हाला?" शेवटचं वाक्य त्या अगदी गोड आवाजात बोलल्या. "अकराला पाहुणे येतायत. त्याच्या आत करा काहीतरी." कापड सोडून त्या गेल्या.

मिस्त्रीच्या मानेची शीर उडायला लागली. ती बारा वर्षांची ओळखीची शीर होती. वर्खवालीने हातातला कुंचला खाली ठेवला, कारण कुंचला महाग होता.

"मला सांगितलं का नाहीस?" तो हळूच म्हणाला.

"सांगितलं होतं."

"कधी?"

"दोनदा."

खोटं बोलली असती तर कदाचित एका ठोशावर भागलं असतं. पण तिला खोटं बोलायचा मनस्वी कंटाळा आला होता.

पहिला ठोसा कमरेच्या वर, मूत्रपिंडावर बसला. त्याची नेमकी जागा मिस्त्रीला पाठ होती. ती पुढे कोलमडली आणि डाळिंबावर आदळली. पाच-सहा दाणे निसटून फरशीवर टणटणत गेले. त्याने डाव्या हाताने तिचं तोंड दाबलं. त्या हाताला गोंदाचा वास होता. उजव्याने तो पाठीत मारत राहिला, न बोलता, नेटाने, खुंटी ठोकावी तसा. सहा फुटांच्या जागेत पळणार कुठे? तिने अंग चोरलं, गुडघे दुमडले. ओरडायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि याचं तिला नंतर सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

मग त्याने तिला केसांना धरून फिरवलं आणि डाळिंबाच्या मागच्या बाजूवर फेकलं. त्याचीच स्क्रूंची टोकं. खांद्यापासून कोपरापर्यंत बाही फाटली, खालची कातडी फाटली आणि पांढऱ्या कापडावर रक्ताची एक तिरपी रेघ उठली. सांगाडा कडकडला. वरून दाण्यांचा आणखी एक घोस सुटून तिच्या डोक्यावर आला. दाणे ठोकून बसवायचा रबरी हातोडा मिस्त्रीच्या हाताशीच होता. तो त्याने उचलला. तिने पडता पडता कापड धरलं. ते छतापासून चर्रकन सुटलं आणि तिच्याबरोबर खाली आलं.

पलीकडे दुकानातली माणसं रांगेत उभी होती. काळ्या पोशाखात, हात मागे बांधून, दुकान उघडण्याआधीच्या सूचना ऐकायला उभी राहतात तशी. मॅनेजरबाई आणि गार्ड धरून बारा जण. आठ पावलांवर.

मिस्त्रीची त्यांच्याकडे पाठ होती. कागदाने झाकलेली काच त्याच्या समोर होती, आणि काच झाकली की सगळं झाकलं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याने हातोडा हाणला, तो तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्या दुकानाने ऐकला. मग मूठ, थेट तोंडावर. बारा वर्षांत पहिल्यांदा तोंडावर, आणि तेही तिला कळलं नाही. जिभेला सुटा दात लागला तेव्हा कळलं.

ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघतेय, हे त्याच्या लक्षात आलं. तो वळला.

आता गंमत बघा. तो हसला. हातोडा खाली धरून, गिऱ्हाइकाला दाखवायचं ठेवणीतलं हसू आणून म्हणाला, "पाय घसरला हिचा. वायरीत अडकली. सांगत असतो, बघून चाल म्हणून."

मॅनेजरबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. नंतर वर्खवालीकडे.

"गार्ड, बाहेरचं दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. आणि मग, "खिडकीचं काय?"

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माणुसकीला बिचारीला वेळ काढून यावं लागतं आणि पाहुणे अकरालाच येणार होते.

वर्खवाली उठून बसली. उजवा हात उचलला जात नव्हता. तिने दात तळव्यावर थुंकला, फरशीवर ठेवला आणि बारा जणांकडे एकेक करून पाहिलं. अंग ठणकत होतं, पण तिला झालेला आनंद त्या दुखण्याला पुरून उरला. लाज वाटावी असला आनंद. एक माणूस मागितलं होतं, बारा मिळाले.

"खिडकी मी करते," ती म्हणाली. ओठ सुजल्यामुळे शब्द जड येत होते. "याला बाहेर काढा. आणि कागद-पेन द्या."

"कागद कशाला?" मिस्त्रीचं हसू गेलं. "ए, कागद कशाला?" तो हातोडा उगारून तिच्याकडे झेपावला.

गार्ड मध्ये आला. तो मोठ्या पोटाचा, अदबीने दार उघडणारा गृहस्थ होता आणि इतका वेळ नवरा-बायकोच्या भानगडीत कशाला पडा म्हणून उभा होता. मिस्त्रीचं कोपर त्याच्या नाकावर बसलं, नाक फुटलं, आणि भानगड एकदम त्याच्या घरची झाली. त्याने मिस्त्रीचा हात पिरगाळून पाठीमागे नेला, तो खांद्यातून निखळेपर्यंत. मिस्त्री गुरासारखा ओरडला. गार्डने त्याच्या कमरेत गुडघा घालून त्याला पालथा पाडला आणि त्याचं डोकं संगमरवरी पायरीवर दोनदा आपटलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती. मग पायाला धरून फरफटत मागच्या गोदामात नेलं, रिकाम्या खोक्यांत टाकलं आणि बाहेरून कडी घातली. फरशीवर नाकातल्या आणि डोक्यातल्या रक्ताचा एक लांब पट्टा उरला. तो पुसायला दोघीजणी लगेच धावल्या. त्या कामात कोणी मागे नव्हतं.

मिस्त्री भानावर आला आणि गोदामाच्या दारावर लाथा सुरू झाल्या.

"दीड तास आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "एवढ्यात मागची बाजू होणार कशी?"

"हेच कापड सांगाड्यावर ताणायचं. चुण्या पडू द्यायच्या. वर लवकर चढणारा गोंद, वर वर्ख. ताणायला आणि गोंदाला तुमची माणसं द्या. वर्ख मी डाव्या हाताने लावीन."

"त्याच्यावर रक्त आहे."

"सोन्याखाली दिसत नाही."

मॅनेजरबाईंना हे पटलं. त्यांनी दुकानाचा जाड कागद मागवला, काउंटरवर ठेवला आणि भराभर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "आज सकाळी काम करताना दोघांमध्ये किरकोळ वाद होऊन..."

"नाही," वर्खवाली म्हणाली.

"अहो, तुमच्याच भल्यासाठी सांगते. उगाच कोर्टकचेरी..."

"मग डाळिंब असंच राहू दे." तिने डाव्या हाताने आपली पिशवी जवळ ओढली. "वर्ख माझ्याकडे आहे. पाहुण्यांना सांगा, मागून कोण बघतंय."

मॅनेजरबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी तो कागद फाडला आणि नवा घेतला. गोदामाचं दार धाडधाड वाजत होतं, आतून आईमाईवरून शिव्या येत होत्या.

"सांगा काय लिहू."

"जे पाहिलंत ते लिहा."

"नवऱ्याने बायकोला मारलं," त्या लिहीत म्हणाल्या.

"कशाने?"

"हाताने. आणि... हातोड्याने."

"किती वेळा?"

पेन थांबलं. मॅनेजरबाईंनी रांगेकडे पाहिलं. रांगेने आपापल्या बुटांकडे पाहिलं. वर्खवाली मनाशी आठवत होती. मार खाताना मोजायची तिची सवय होती, मोजलं की तो संपणार आहे असं वाटतं. पण शेवटी शेवटी तिचा आकडा सुटला होता.

"सात," ती म्हणाली. "सात लिहा."

"नऊ," कोणीतरी म्हणालं.

मोत्यांच्या काउंटरवरची मुलगी होती. विशीबाविशीची, केस घट्ट बांधलेले. आपण बोललो याचं तिलाच नवल वाटल्यासारखी ती उभी होती.

"कापडावर सात," मुलगी म्हणाली. "आत दिवे होते ना, तुमच्या सावल्या पडत होत्या कापडावर. अगदी स्वच्छ दिसत होतं. कापड पडल्यावर दोन. नऊ झाले. मी मोजत होते."

वर्खवाली तिच्याकडे बघत राहिली. मघाचा आनंद कुठल्या कुठे गेला. मिस्त्रीच्या माराने तिला कधी असं झालं नव्हतं.

"म्हणजे पहिल्यापासून?"

मुलीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सगळेच बघत होते," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुमचं तुम्ही..."

बाकीच्या अकरांपैकी एकानेही तिला खोटं पाडलं नाही. गार्ड नाकाला रुमाल लावून भिंतीकडे वळला.

वर्खवालीला रडायचं होतं, ओरडायचं होतं, त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या थोबाडीत द्यायची होती. हात एकच चालत होता आणि तोही कामाला लागणार होता. तिने रक्ताची थुंकी गिळली.

"नऊ लिहा," ती मॅनेजरबाईंना म्हणाली. "आणि त्याच्या खाली लिहा, आम्ही सगळे पहिल्यापासून बघत होतो."

"हे वाक्य कशाला?" मॅनेजरबाईंचा आवाज चिरकला. "त्याच्याविरुद्ध कागद हवाय ना तुम्हाला? यात आमचा काय संबंध?"

"पाहिलेलं माणूस हवंय पोलिसांना."

"पण हे असं..."

"पावणेदहा झाले, मॅडम."

मॅनेजरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं. पहिली सही त्यांनीच केली. मग एकेक जण पुढे आला. वाक्य वाचायचा, थांबायचा, पेन हातात घ्यायचा. कोणी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मोत्यांच्या मुलीने सही केली तेव्हा कागदावर पाण्याचा थेंब पडला आणि वर्खवालीने तो कोपऱ्याने टिपून घेतला, शाई पसरू नये म्हणून.

बारा सह्या झाल्या. तिने कागद वाळेपर्यंत हातात धरला. मग त्याची घडी करून पोलक्यात ठेवली आणि म्हणाली, "स्टूल आणा, आणि दोघं जण कापड धरा."